आतलं नाव

दिंडोशीला नीलम इंगोले राहायची त्या सोसायटीत पाण्याच्या टाक्या चार. कुठल्या टाकीत किती पाणी आहे ते गेटवरच्या केबिनमध्ये बसून कळावं म्हणून तिनं प्रत्येक टाकीत सेन्सर बसवले होते, आणि केबिनच्या भिंतीवर एक छोटा स्क्रीन. त्यातलं फर्मवेअर, म्हणजे चिपमध्ये भरून ठेवलेला प्रोग्राम, 'जलखूण' नावाच्या प्रकल्पाचं होतं. जलखूण कुठल्या कंपनीचा नव्हता. मुंबईतल्या काही इंजिनिअरांनी आपापल्या सोसायट्यांसाठी तो सुरू केला, सगळा कोड उघडा ठेवला आणि सांगितलं, ज्याला जमेल त्यानं सुधारणा पाठवाव्यात. नीलम मरोळच्या एका कारखान्यात लिफ्टची कंट्रोल पॅनेल बनवायची आणि सुट्टीच्या दिवशी जलखूणमधला पंप चालू-बंद करण्याचा भाग सांभाळायची. या कामाचा तिला अभिमान होता. घरी पाहुणे आले की त्यांनाही ती केबिनमध्ये नेऊन स्क्रीन दाखवायची.

त्या शनिवारी तिनं फर्मवेअरची नवी आवृत्ती भरली. रविवारी सकाळी खालून आईचा फोन आला.

नीलमची आई द्रौपदीबाई पालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. निवृत्त झाल्यावर सोसायटीची पाणी समिती तिच्याकडे आली होती.

"नीलम, खाली ये."

"काय झालं? पंप बंद आहे का?"

"तू आधी खाली ये."

नीलम उतरली तर केबिनपाशी वॉचमन नंदकिशोर, बी विंगमधले दोघं आणि आई असे उभे होते. दोघांपैकी एक जण हसत होता. नंदकिशोर म्हणाला, "ताई, तीन नंबर अछूत हो गई."

स्क्रीनवर पहिली, दुसरी आणि चौथी टाकी हिरव्या रंगात आकडे दाखवत होती. तिसऱ्या टाकीपुढे आकडा नव्हता. तिथे लाल रंगात एकच शब्द होता. अक्षरं इंग्रजी होती, शब्द इंग्रजी नव्हता.

"झकास ना," हसणारा म्हणाला, "आता तीन नंबरचं पाणी कोण पिणार?"

द्रौपदीबाई त्याच्याकडे वळलीही नाही. ती लेकीला म्हणाली, "हे तू लिहिलंस?"

"नाही गं आई."

"मग कोणी लिहिलं?"

नीलमला खरंच माहीत नव्हतं. तिनं स्क्रीनची वायर काढली आणि ती वर आली. आई मागोमाग आली, खुर्चीवर बसली आणि शाळेत वह्या तपासताना लावायची तो चष्मा उगाचच पुसत राहिली. मग म्हणाली, "हिंगोलीत माझ्या आजीला विहिरीवर हा शब्द ऐकावा लागायचा. घटनेनं तो गाडून टाकला म्हणून मी वर्गात शिकवलं. आणि आता पोरीनं लावलेल्या मशीनवर तो पाण्याच्याच टाकीपुढे वाचायचा का मी?"

नीलमनं लॅपटॉप उघडला. शोधायला वेळ लागला नाही. एखादा सेन्सर वेडंवाकडं सांगायला लागला की जलखूण त्याला बाजूला काढत असे, आणि बाजूला काढलेल्या सेन्सरच्या अवस्थेला कोडमध्ये नाव दिलं होतं 'अछूत'. प्रकल्प सुरू झाला तेव्हापासून ते नाव तिथे होतं. इतके दिवस ते आतच राहिलं. नव्या आवृत्तीत अवस्थेचं नाव थेट स्क्रीनवर दाखवायची सोय झाली, आणि ते बाहेर आलं. नीलमनं पंपाचा भाग सोडून ती फाइल कधी उघडलीच नव्हती. आता ती वरपासून खालपर्यंत वाचत गेली. अछूत यादी. अछूत करा. अछूत आहे का. नवा अछूत.

दुपारपर्यंत तिनं पॅच तयार केला. पॅच म्हणजे पाठवायची सुधारणा. जुन्या शब्दाच्या जागी सगळीकडे 'वेगळा काढलेला' अशा अर्थाचा साधा इंग्रजी शब्द घातला, स्क्रीनवर 'तपासा' असं येईल अशी व्यवस्था केली, कारण लिहिलं आणि पाठवून दिला. चार ओळींचं काम आहे, संध्याकाळपर्यंत होऊन जाईल, असं तिला वाटलं होतं.

जलखूणला कोड पाठवायचा तर लेखनाची नियमावली पाळावी लागे. ओळ किती लांब असावी, महिरपी कंस कुठे उघडावा, नावं कशी असावीत, एका पॅचमध्ये किती बदल चालतील. नियमावली मुलुंडच्या मुकुल देशमाने यांनी लिहिली होती. आलेले पॅच तपासून आत घेण्याचं काम मुख्यतः तेच करायचे. नीलमला ही नियमावली मनापासून आवडायची. वीस जणांनी लिहिलेला कोड एका हातानं लिहिल्यासारखा वाचता यावा हे तिला पटत होतं. सुरुवातीला तिचे पॅच परत यायचे तेव्हा मुकुल सर फोनवर तासतासभर समजावून सांगायचे. सगळं ती त्यांच्याकडूनच शिकली, असं ती ऑफिसातही सांगायची.

सोमवारी उत्तर आलं. 'दोन ओळी मर्यादेबाहेर जातात. कृपया दुरुस्त करा.' नवा शब्द जुन्यापेक्षा एका अक्षरानं लांब होता, म्हणून काठावरच्या ओळी एका अक्षरानं बाहेर गेल्या होत्या. नीलमनं त्या मोडल्या आणि पॅच परत पाठवला.

मग उत्तर आलं, 'एका पॅचमध्ये एकच बदल. आतलं नाव आणि स्क्रीनवरचा मजकूर हे दोन बदल आहेत.' हेही नियमात होतं. तिनं दोन पॅच केले. मोडलेल्या ओळींमुळे एक कंस चुकीच्या जागी गेला होता, त्यावर आणखी एक शेरा आला. तोही तिनं सुधारला. ऑफिसातून येताना जेवणाच्या डब्याची पिशवी मांडीवर ठेवून तिनं मोबाइलवर ती ओळ पुन्हा पुन्हा पाहिली, कुठे काही राहू नये म्हणून.

गुरुवारी स्क्रीनचा पॅच आत घेतला गेला. नावाचा पॅच बंद केला गेला. खाली लिहिलं होतं, 'नियम अकरा. केवळ नावबदलाचे पॅच स्वीकारले जात नाहीत. सहभागाबद्दल धन्यवाद.'

नीलमनं तिथेच फोन लावला.

"सर, हे काय आहे?"

"अगं, मला माहीतच होतं तुझा फोन येणार." मुकुल सरांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "हे बघ, तुझ्या भावना मी समजू शकतो. स्क्रीनवर ते यायला नकोच होतं, ती माझी चूक. मी लगेच मार्गी लावलं की नाही?"

"आणि कोडमधलं?"

"तिथे हात लावायचा म्हणजे कितीतरी फाइली बदलतात. लोकांचे चालू पॅच मोडतात. नियम त्यासाठीच आहे ना. आतलं नाव राहू दे, ते कोणाला दिसतंय?"

"मला दिसतंय, सर. मी आतच काम करते."

"तू हे फार मनाला लावून घेतेयस. नियम सगळ्यांना सारखे. उद्या तुझ्यासाठी वाकवला तर परवा दुसरा येईल."

"येऊ दे की. त्याचंही वाचा."

"नीलम, जरा शांत हो. मग बोलू."

तिनं फोन ठेवला. 'शांत हो' हे तिला सर्वांत जास्त झोंबलं. आठवडाभर ती शांतच होती. ओळी मोडत होती, कंस हलवत होती, पॅच फोडत होती. त्या शब्दाचं काय करायचं ते सोडून बाकी सगळं तिच्याकडून शांतपणे करून घेतलं गेलं होतं.

रात्री जेवताना तिनं आईला सगळं सांगितलं. द्रौपदीबाई म्हणाली, "शाळेत एक इन्स्पेक्टर यायचे. निबंधात पोरगं काय म्हणतंय ते कधी वाचायचे नाहीत. समास सोडलाय का तेवढं बघायचे." मग तिनं विचारलं, "तुमची ती बैठक कधी असते?"

"या रविवारी."

"मग जा. लिहून काही व्हायचं नाही. तोंडावर बोल."

बैठक अंधेरी पूर्वेला शर्मिष्ठाच्या ऑफिसात भरायची. घाटकोपरची शर्मिष्ठा वैद्य ही नीलमच्याच वयाची, पॅच आत घेण्याचा अधिकार असलेली दुसरी व्यक्ती. तिसरे होते श्यामसुंदर काणेकर, बोरिवलीचे, सत्तरीतले. प्रकल्पाचा पहिला कोड त्यांनी लिहिला. सगळे त्यांना श्यामकाका म्हणायचे. एखादा पॅच किंवा नियम अडला तर या तिघांपैकी दोघांची मान्यता लागायची. त्या दिवशी आणखी सात-आठ जण आले होते. चहा झाल्यावर नीलम उभी राहिली आणि केबिनसमोर काय झालं ते तिनं सांगितलं. आईचं बोलणंही सांगितलं.

पहिले श्यामकाका बोलले, थोडं हसून. "अगं बाई, ते नाव माझंच. वीसेक वर्षांपूर्वीच्या माझ्या जुन्या कोडमधून आलंय ते. माझ्या डोक्यात त्याचा अर्थ इतकाच होता की याला हात लावू नका. तसलं काही मनातही नव्हतं. आमच्या घरी विचार, सगळ्या समाजाचे लोक येतात-जातात, जेवतात."

"काका, मी तुमच्या घराबद्दल बोलतच नाहीये," नीलम म्हणाली. "कोडबद्दल बोलतेय. एक सांगा, सेन्सर अछूत झाला की तुमचं फंक्शन काय करतं?"

"काय करतं म्हणजे? सोपं आहे. त्याचं ऐकायचं नाही. त्याच्याशी बोलायचं नाही. बाकीच्या सेन्सरांना सांगायचं की याच्यापासून लांब राहा, याचं काही घेऊ नका. आणि मालकानं स्वतः येऊन परवानगी देईपर्यंत त्याला परत आत..."

काका मध्येच थांबले. चहाचा कप त्यांनी टेबलावर ठेवला.

"म्हणजे शब्दाचा अर्थ तुम्हाला नीट माहीत होता," नीलम म्हणाली. "अगदी बरोबर वापरलात. हात लावू नका एवढंच म्हणायचं असतं तर 'हात लावू नका' असं लिहिता आलं असतं."

कोणीतरी खुर्ची सरकवली. मुकुल सर पुढे झुकले. "नीलम, काकांच्या वयाकडे तरी बघ. हा व्यक्तिगत मुद्दा नाहीये. मुद्दा नियमाचा आहे. नावं बदलायला लागलो तर अंत नाही. आज हा शब्द, उद्या तो."

"एक मिनिट हं, मुकुल," शर्मिष्ठा म्हणाली. "विसर्जनाचं काय झालं होतं?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"संबंध आहे ना." ती नीलमकडे वळली. "तू यायच्या आधीची गोष्ट. मेमरी पुसायच्या फंक्शनला काकांनी 'विसर्जन' नाव दिलं होतं. एकानं मेल टाकली की आमच्या बाप्पाच्या विसर्जनाला तुम्ही कचरा पुसणं म्हणता का, भावना दुखावल्या. त्याच संध्याकाळी नाव बदललं. मुकुलनंच बदललं. ओळींची लांबी कोणी मोजली नाही."

"तेव्हा नियम अकरा नव्हता!" मुकुल सरांचा आवाज पहिल्यांदा चढला. "त्या भानगडीनंतरच मी तो लिहिला. परत असले वाद नकोत म्हणून लिहिला. यात माझं काय चुकलं?"

"तुमचं काम झालं आणि मग तुम्ही दार लावून घेतलंत," नीलम म्हणाली. "हे चुकलं. त्या माणसाला तुम्ही शांत हो म्हणालात? त्याला विचारलंत, आतलं नाव कोणाला दिसतंय म्हणून? आमच्या वेळी तेवढे नियम आठवले. आणि वर म्हणता सगळ्यांना सारखे!"

"तू मला कोणत्या रांगेत बसवतेयस ते कळतंय का तुला?"

"मी कुणाला कुठे बसवत नाहीये. बसवायचं काम त्या यादीत चाललंय."

बैठक तिथेच विस्कटली. निर्णय काही झाला नाही. श्यामकाका कोणाशी न बोलता पिशवी घेऊन निघून गेले. शर्मिष्ठा नीलमबरोबर खाली रिक्षा स्टँडपर्यंत आली. "मला आधी दिसायला हवं होतं गं ते," ती म्हणाली. "मी ती फाइल शंभरदा उघडलीय यार. शब्द डोळ्यांपुढून जायचा. काहीच वाटायचं नाही."

नीलमनं तिला धीर दिला नाही. "हो," एवढंच म्हणाली आणि रिक्षात बसली.

मंगळवारी ऑफिसात असतानाच तिला सूचना आली. नाव बदललं होतं. मुकुल सरांनी स्वतः, स्वतःच्या नावावर पॅच करून आत घेतला होता. शब्द तिनंच सुचवलेला, ओळीही तिनं मोडल्या होत्या तशाच मोडलेल्या. कारणाच्या जागी लिहिलं होतं, 'नियम चार. सर्व नावं इंग्रजीत असावीत.'

नीलमनं ते दोनदा वाचलं. शेजारच्या टेबलावरच्या सपनाला तिनं वाचून दाखवलं. सपना म्हणाली, "अरे वा, झालं ना तुझं काम! मिठाई पाहिजे आता."

"काय झालं? म्हणजे तो शब्द मराठी-हिंदी होता हाच काय तो गुन्हा! त्याचं इंग्रजी भाषांतर केलं असतं तर चाललं असतं?"

"अगं पण गेला ना शब्द?"

"शब्द गेला. का गेला तेही पुसलं. उद्या कोणी बघितलं तर वाटेल, भाषेची चूक होती, मुकुल सरांनी सुधारली. माझ्या आईला काय सांगू? तुझं व्याकरण चुकलं होतं म्हणून?"

सपनाला ते पूर्ण पटलं नसावं, पण तिनं मिठाईचा विषय पुन्हा काढला नाही. जेवणाच्या सुट्टीत नीलम खाली गेलीच नाही. कारखान्यात मशीनची घरघर थोडी थांबलेली, आणि ती नियमावलीची फाइल उघडून बसली. या वेळी तिनं कोडला हात लावला नाही. नियमावलीलाच पॅच केला. एक नियम वाढवला: 'कोणत्याही जातीला, धर्माला किंवा माणसांच्या गटाला कमी लेखणारं नाव कोडमध्ये चालणार नाही. असं नाव आढळल्यास ते बदलण्यासाठी दुसरं कारण लागणार नाही, आणि नियम अकरा तिथे लागू होणार नाही.' कारणाच्या जागी तिनं 'अछूत' शब्दाबद्दल लिहिलं. तो कुठे होता, स्क्रीनवर कसा आला, कोणी वाचला, आणि त्याला काढायला काय काय करावं लागलं. एक ओळही लांब नव्हती, एक कंसही चुकीच्या जागी नव्हता. पाठवण्याआधी तिनं ते पाहून घेतलं, कारण त्या वाटेनं कोणाला पळून जाऊ द्यायचं नव्हतं.

त्यावर पुढचे काही आठवडे बरीच हाणामारी झाली. कोणी लिहिलं, प्रकल्पात राजकारण आणू नका. कोणी लिहिलं, कमी लेखणारं म्हणजे नेमकं काय, याची व्याख्या द्या. एकानं तर आकाश या टोपणनावानं लिहिलं की मीही त्याच समाजाचा आहे, मला काही वाटलं नाही. नीलमनं त्याला उत्तर दिलं, 'बरं आहे तुमचं. मला वाटलं. माझ्या आईला वाटलं. आम्ही दोघी मोजल्या जाऊ की नाही?' शर्मिष्ठानं पहिल्याच दिवशी मान्यता दिली होती. दुसरी मिळत नव्हती. मुकुल सर त्या पानावर एक शब्द लिहीत नव्हते. बाकीचे पॅच मात्र रोजच्यासारखे तपासत होते. कंस, ओळी, अंतरं. नीलमला ते बघूनच संताप यायचा.

मग एका सकाळी श्यामकाकांची मान्यता आली. खाली त्यांनी लिहिलं होतं, 'हे नाव मी दिलं होतं. अर्थ माहीत असून दिलं होतं. बैठकीत मी खोटं बोललो. नियमाला माझी मान्यता आहे.' बस, इतकंच. माफीचे मोठमोठे शब्द नव्हते, घरी कोण जेवून जातं तेही नव्हतं. नीलमनं ते आईला दाखवलं. द्रौपदीबाईनं चष्मा लावून वाचलं आणि मोबाइल परत दिला. "या माणसानं निदान वाचलं," ती म्हणाली.

नियम आत गेला. त्याच संध्याकाळी मुकुल सरांचा फोन आला. बऱ्याच दिवसांनी.

"झालं तुझ्या मनासारखं?"

"माझ्या मनासारखं व्हायला ते माझं घर नाही, सर."

"नीलम, मला फक्त एवढंच विचारायचं होतं. तुला मी शिकवलं. तासनतास दिले. आणि तू सगळ्यांसमोर मला जातीयवादी ठरवलंस."

"तो शब्द मी एकदाही वापरलेला नाही. तुम्हीच वापरताय." तिचा आवाज चढत होता आणि तिनं तो चढू दिला. "तुम्ही शिकवलंत, ते मी विसरलेले नाही. म्हणूनच तर इतका राग आलाय. अनोळखी माणूस असता तर शिवी देऊन मोकळी झाले असते. तुम्ही माझ्याकडून ओळी मोजून घेतल्यात, सर. कंस हलवून घेतलात. आणि एकदाही तो शब्द वाचला नाहीत. शेवटी काढलात, तोही इंग्रजी नाही म्हणून. एकदा वाचायचं होतं फक्त."

मागे चालू असलेल्या टीव्हीचा आवाज त्यांनी कमी केला. मग मुकुल सर म्हणाले, "बरोबर आहे." आणि थोड्या वेळानं, "मला तेव्हा भांडण नको होतं. म्हणून नियम पुढे केला."

"माहीत आहे."

"पंपाचा भाग तू बघत राहशील ना?"

"तो माझा भाग आहे. मी कशाला सोडू?" नीलम म्हणाली. "पण यापुढे माझे पॅच शर्मिष्ठा तपासेल."

त्यांनी काहीतरी म्हणायला सुरुवात केली, मग ठीक आहे म्हणाले आणि फोन ठेवला.

स्वयंपाकघरातून द्रौपदीबाईनं विचारलं, "काय म्हणतोय?"

"चुकलं म्हणतोय. म्हणजे बरोबर आहे म्हणाला."

"मग तुझं तोंड का असं?"

नीलमनं ओट्याला टेकून पाण्याचा ग्लास भरला. राग गेला असेल असं तिला वाटलं होतं. तो गेला नव्हता. "इतकं सगळं करावं लागलं म्हणून, आई," ती म्हणाली. "एवढ्याशा गोष्टीसाठी."

"एवढीशी नव्हती ती," द्रौपदीबाई म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली.